बाहेर वळणारी सीट

सोनारपुरा, काशी
१२ मे २०२५

ती. ताईस, लतिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

वासुदेव गुरुजी पूजेला तुमच्या बाजूला निघालेत, त्यांच्या पिशवीत ही चिठ्ठी टाकतेय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपल्या दोघी बहिणींचं कागदावरच बरं. मध्ये फक्त गंगा आणि एक पूल, पण बोलायचं तर गुरुजींची मोपेड हवी!

बातमी अशी की ह्यांनी गाडी बुक केली. विजेची! बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसरं काही सुचतच नव्हतं त्यांना. एकदा चार्ज केली की चारशे किलोमीटर जाते म्हणे. आवाज अजिबात नाही. गाडी आपल्याशी बोलते, सध्या हिंदीत, मराठी पुढे शिकवणार आहेत. मी म्हटलं, शिकवा बाई, आमची पोरंसुद्धा हिंदीतच बोलतात.

पण खरी गंमत पुढेच. ड्रायव्हरशेजारची सीट बटण दाबलं की दाराबाहेर वळते आणि खाली उतरते. पाय न वाकवता माणूस तिच्यावर नुसता सरकतो. ती पाहिल्याबरोबर मी ह्यांना म्हटलं, ही आमच्या ताईची सीट. दोन महिन्यांत गाडी देतो म्हणालेत. आली की पहिली फेरी रामनगरला. तू तयारीत राहा.

तुझी,
लतिका

*

रामनगर
१५ मे २०२५

चि. लतिका, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वासुदेवांकडून वाचून घेतलं, माझे डोळे मला फसवत नाहीत ना ते बघायला.

तुला हसू येईल. तुझे भावोजी बनारसच्या इस्पितळात गेले, म्हणून सुटले. मी मात्र इथं पडलेय. काशीत मेला तो मुक्त आणि रामनगरात मेला तो पुढच्या जन्मी गाढव, हे लहानपणी आपण ज्याला त्याला चिडवायला म्हणायचो. आता चौऱ्याहत्तर वर्षांची मी रोज सकाळी समोरच्या धोब्याचं गाढव बघते आणि ते माझ्याकडे बघतं. लते, मी हे हसत लिहितेय, पण मला भीती वाटते. खरंच वाटते.

ॲम्ब्युलन्सचं पुन्हा काढू नकोस. काशीत आडवं नेतात ते मणिकर्णिकेवर न्यायला. मला बसून यायचंय, डोळे उघडे ठेवून, बहिणीच्या घरी राहायला आल्यासारखं. मार्चमध्ये ऑटोत घालून पाहिलंत ना, पुलाच्या अलीकडे पहिल्याच उंचवट्याला मी केवढी किंचाळले! मांडी मोडली तेव्हा आत घातलेला तो लोखंडी दांडा काही वाकत नाही. तुझी ती सीट म्हणजे देवानंच धाडलेली दिसते.

मला फार काही नको. खिडकीशी एक खाट पुरे. श्रीनिवासरावांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

*

सोनारपुरा
२ जुलै २०२५

ती. ताईस, सा. न.

उशीर झाला, रागावू नकोस. गाडी तयार आहे म्हणे, पण ती सीट वेगळ्या कारखान्यातून येते आणि तिथंच घोडं अडलंय. ह्यांनी शोरूममध्ये जाऊन खूप आरडाओरडा केला. त्यांनी चहा पाजला आणि ऑगस्ट म्हणाले. सीटशिवाय गाडी घेऊन काय करायचं? तुला आणायचं तर नीटच आणू.

परवा आईची आठवण आली. नऊ वर्षं तिला मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर केली. भांडं दे, भांडं धू, पाठ पूस. तेव्हा अशी सीट असती तर माझी कंबर वाचली असती. तू तेव्हा कळवायचीस, तरंगत्या पीप्यांचा पूल पावसाळ्यासाठी काढलाय, दुसऱ्या रस्त्याने फेरा फार पडतो, नावेत बसलं की मला गरगरतं. आता बघ, पक्का पूल झाला. काळ किती बदलला, नाही?

औषधं वेळेवर घे.

लतिका

*

रामनगर
९ जुलै २०२५

चि. लतिका,

टोमणा पोहोचला. वासुदेवांना म्हटलं, ह्या पत्राचं वजन जास्त आहे, मोपेड बसेल.

नावेत मला गरगरायचं, हे खरंच होतं. आईच्या दहाव्याला आले तेव्हा काठावर दोनदा ओकले, तू पाहिलंस. असो. ज्याचं त्याला करावं लागतं. तू केलंस, तुला पुण्य लागलं.

आता माझं ऐक. चार दिवस ताप होता. शेजारची कांता येऊन दलिया करून देते, पण तिलाही तिचा संसार आहे. सीट येईपर्यंत थांबायला मी तयार आहे, पण शरीराला विचारलं तर ते काही वचन देत नाही. शोरूमवाल्यांना सांग की एका म्हातारीला गाढव व्हायचं नाहीये, जरा घाई करा.

ताई

*

सोनारपुरा
१० सप्टेंबर २०२५

ती. ताईस, सा. न.

काय सांगू तुला! सीट आली, गाडी आली, शोरूममध्ये उभी आहे आणि नेमका पितृपक्ष लागला. पितृपक्षात नवं लोखंड दारात आणायचं नाही, हे तूच आम्हाला शिकवलंस. हे म्हणत होते, मी नाही मानत. मीच अडवलं. ताईचा जीव आहे, तिच्या पहिल्या फेरीला अपशकुन नको.

आता दसरा. तोवर एवढं ऐकून ठेव: पावसात काच आपोआप बंद होते, पाठीला गरम हवा लागते, आणि गाडी कुठे आहे ते ह्यांना मोबाइलवर दिसतं, अगदी मिनिटामिनिटाचं. तुला सगळं दाखवीन.

लतिका

*

रामनगर
१३ सप्टेंबर २०२५

चि. लतिका, आशीर्वाद.

बरोबर केलंस. शास्त्राला धरून असलेलं बरं.

एकच विचारते, रंग कुठला घेतलात? मला आपला जांभळासारखा निळा आवडतो. आणि त्या सीटवर बसून पाहिलंस का तू? मऊ आहे का? इथं रामलीला सुरू आहे. खिडकीसमोरून सगळी गर्दी जाते, बसल्या बसल्या सगळे दिसतात.

ताई

*

सोनारपुरा
५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस, सा. न.

रंग पांढरा मिळणार. निळ्याला सहा महिने थांबा म्हणाले. सीटवर कशी बसणार, अजून तिच्यावरचं प्लॅस्टिकही काढू देत नाहीत!

दसरा हुकला गं. गाडीचं सॉफ्टवेअर म्हणून काही असतं, ते अर्धंच भरलंय. ते पूर्ण होईपर्यंत सीट वळणार नाही. दिवाळीत नक्की. हे तर मला म्हणाले, तुझ्या ताईपेक्षा तूच जास्त वाट बघतेस.

तू मनाला लावून घेऊ नकोस. इतके महिने थांबलीस, आता थोडंच राहिलं.

लतिका

*

रामनगर
३० ऑक्टोबर २०२५

चि. लतिका,

दिवाळी झाली. मी विचारत नाही, गाडीचं काय.

चार दिवस अन्न जात नाही. डॉक्टर वासुदेवांशी बाहेर जाऊन बोलले, ह्यावरून मी काय ते ओळखलं. मला आता काशी नको, सीट नको. तू फक्त एकदा ये. सोमवारी तीन तारखेला सकाळी अकरापर्यंत ये. मला आणायला येऊ नकोस, तोंड दाखवायला ये. दार लोटलेलं असेल.

आईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं, असं तू एकदा म्हणाली होतीस. मी तुझं घेते आहे.

तुझी,
ताई

*

सोनारपुरा
१७ नोव्हेंबर २०२५

ती. बकुळताईंस, श्रीनिवासचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही कुठे आहात ते मला माहीत नाही. वासुदेव गुरुजी सांगत नाहीत. पत्र मात्र पोहोचवतो म्हणाले, म्हणून लिहितो. परवा तेरावा झाला.

ताई, लतिका गेली. तीन तारखेला, रामनगरात, तुमच्या दारासमोर.

तुमचं शेवटचं पत्र आलं त्या दिवशी ती जेवली नाही. रडत होती. दुसऱ्या दिवशी उठली आणि मधल्या खोलीतली खाट ओढून खिडकीशी लावली, नवी चादर घातली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, मला करू द्या, फार उशीर केलाय मी. मला अर्थ कळला नाही. गणेशचतुर्थीला गाडी दारात आली, तेव्हापासून दर रविवारी मी म्हणत होतो, चल, ताईंना घेऊन येऊ. दर रविवारी ती म्हणायची, ताई नाहीच म्हणते, तिला तिचं घर सोडवत नाही. मी ते खरं मानलं.

त्या दिवशी तीच त्या सीटवर बसली होती. पूल ओलांडताना मला दोनदा म्हणाली, ताईला ह्या सीटवर आणि मी मागे. अकराला दहा कमी असताना पोहोचलो. दाराला बाहेरून कुलूप. ती म्हणाली, मला उतरवा, मी इथंच बसते, शेजारी विचारून या. मी बटण दाबलं. सीट बाहेर वळली, खाली उतरली, आणि ती तुमच्या दाराकडे तोंड करून बसून राहिली.

मी शेजारच्या कांताबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अम्मा त दसहरा के बादे ओह पार चल गइलीं, नाव से। रउरा लोगन के मालूम नइखे?" मी येऊन लतिकाला सांगितलं की ताई दसऱ्यानंतरच नावेने पलीकडे गेल्यात. ती म्हणाली, मग हे पत्र? मी म्हटलं, मला काय ठाऊक. थोडा वेळ ती कुलपाकडे बघत राहिली आणि हसली. म्हणाली, ताईनं मला बरोबर पकडलं. मग छातीवर हात ठेवला. म्हणाली, अहो, गाडी काढा. मला पुलापलीकडे न्या. इथं नको.

मी बटण दाबलं. सीट आत जाईना. ती एका बाजूला कलली होती आणि बसलेला माणूस सरळ नसेल तर सीट आत जात नाही, डोकं दाराला आपटू नये म्हणून. सीट बाहेर असताना गाडीही सुरू होत नाही. हे सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे, मी नंतर वाचलं. गाडी सारखी एकच सांगत होती, "कृपया सीधे बैठिए।" मी तिला सरळ धरायचो, ती घसरायची. कंपनीला फोन लावला तर तिथून प्रतीक्षा करायला सांगत होते. चारजण धावत आले, कुणी बॅटरीची रिक्षा, टोटो, बोलावली. ती "पूल, पूल" म्हणत होती. टोटो येईपर्यंत तेही थांबलं.

गाडी किती वाजता कुठे होती ते मोबाइलवर आहे. रोज बघतो. तुमच्या दारात चव्वेचाळीस मिनिटं उभी आहे.

पुलावरून ती आडवी गेली, टोटोच्या दोन बाकांवर. मणिकर्णिकेला सगळं यथासांग झालं. भटजी म्हणाले, देह काशीत पोहोचला, काळजी करू नका. पण प्राण कुठे गेला ते मला माहीत आहे. मी ह्या गोष्टी मानणारा माणूस नव्हे. पण ती मानत होती, आणि मरताना घाबरलेली होती. तिचा हात माझ्या हातात होता, मला कळत होतं.

तुम्ही मोठ्या. मला एवढंच सांगा, तुम्ही कुठे होता? आणि पलीकडे आला होता, तर तिला का बोलावलंत?

आपला,
श्रीनिवास

*

राजा घाट, काशी
१९ नोव्हेंबर २०२५

श्रीनिवासराव,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मी राजा घाटावर आहे, धर्मशाळेतल्या वरच्या खोलीत. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, चालता येत असेल त्याला. तुम्ही विचारलंत तर सगळं सांगते, वासुदेवांना दोष देऊ नका, त्यांना मी शपथ घातली होती.

पितृपक्षामुळे गाडी शोरूममध्ये आहे हे पत्र मला मिळालं, आणि दोनच दिवसांनी संध्याकाळी रामलीलेच्या गर्दीत एक निळी गाडी माझ्या खिडकीसमोर अडकली. आवाज नाही, काही नाही. आत लतिका. जरीच्या काठाचं पातळ, केसांत गजरा, त्या सीटवर मागे रेलून बसलेली. तुम्ही माझ्या घराकडे बोट दाखवून तिला काहीतरी म्हणालात. तिनं मान हलवली. माझा दिवा बंद होता, तिला मी दिसले नाही. मला ती चार हातांवर दिसत होती. हाक मारली असती तर थांबला असतात. मी मारली नाही. मला बघायचं होतं, ती आणखी किती खोटं बोलते.

रंग विचारला, तिनं पांढरा सांगितला. त्या दिवशी मी वासुदेवांना म्हटलं, नाव बघा. चार मल्लाहांनी मला खुर्चीसकट नावेत ठेवलं आणि खुर्चीसकट इथल्या पायऱ्या चढवल्या. दुखलं, पण मांडी मोडली नाही. आणि तुम्हाला एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला नावेत गरगरत नाही. कधीच गरगरलं नाही. त्या दहाव्याला काठावर मी घशात बोट घातलं होतं. आईचं भांडं मला उचलायचं नव्हतं. नऊ वर्षं मी लतिकाला पूल आणि नाव सांगत राहिले. ती समजून होती. तिनं मला सहा महिने गाडी सांगितली, एवढंच.

इथं पोहोचले तेव्हा मला जे हवं होतं ते मिळालं होतं. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मला तिला त्या कुलपासमोर उभी बघायची होती. बघताही येणार नव्हतं, तरी मनात रोज बघत होते. तीन तारखेला अकरा वाजता मी इथं खिडकीत बसून गंगेकडे बघत होते आणि मला गोड वाटत होतं. चहा मागवला होता.

आता माझी विनंती. मला इथं मरायचं नाही. इथं मेले तर मी सुटेन, आणि ती तिकडे एकटी राहील. लहानपणी अंधारात परसात जायचं तर ती माझा पदर धरायची. मला रामनगरला परत न्या. त्याच सीटवर, त्याच दारात. गाढव तर गाढव, दोघी एका दाराला बांधलेल्या राहू. नावेतून पुन्हा नेईल असा मल्लाह मिळत नाही, सगळे म्हणतात, माताजी, मरायला माणसं इकडे येतात, तिकडे कोण नेतं. आणि माझ्याकडे दिवस थोडे आहेत, ह्या वेळी खरंच.

तुमच्या पाया पडते. गाडी घेऊन या.

बकुळ

*

सोनारपुरा, काशी
२३ नोव्हेंबर २०२५

गं. भा. बकुळताई यांस, श्रीनिवासचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुमची आधीची पत्रंही लतिकाच्या कपाटात सापडली. तिनं तुम्हाला काय लिहिलं असेल ते त्यावरून समजलं. दोघी बहिणी एकमेकींना किती नीट ओळखत होतात!

आपल्या विनंतीबाबत. गाडी सध्या कंपनीत गेली आहे. सीटचं सॉफ्टवेअर नवं भरायचं आहे. डिसेंबरच्या मध्याला खरमास लागेल. त्या महिन्यात इकडे कुणी चांगलं काम काढत नाही, हे आपण जाणताच. तेव्हा आता संक्रांतीनंतर बघू. सीट आता पूर्वीपेक्षा हलकी वळेल आणि गाडी मराठीतही बोलू लागेल, असं कळवलं आहे.

आली की पहिली फेरी तुमचीच. तोवर काशीतच राहा. खाट खिडकीशी आहे ना, ते वासुदेव गुरुजींना बघायला सांगितलं आहे.

श्रीनिवास